पॅनिक डिसऑर्डरची छोटी प्रश्नावली: विचारण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नाशिक शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील दवाखान्यांतून भरून आलेल्या प्रश्नावल्या मी समुपदेशक म्हणून नियमितपणे पाहते. त्यांत दोन प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एका कागदावर पाचही प्रश्नांपुढे ‘हो’ची खूण असते, खाली थेट ‘पॅनिक डिसऑर्डर’ (एकाएकी, पुन्हा पुन्हा दाटून येणाऱ्या तीव्र भीतीचा आजार) असे लिहिलेले असते, आणि त्या रुग्णाचे हिमोग्लोबिन किंवा थायरॉईड कोणीही तपासलेले नसते. दुसऱ्या कागदावर पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ असते, म्हणून पुढचे काही विचारलेलेच नसते, आणि तोच माणूस छातीत धडधडते म्हणून रात्री-अपरात्री ईसीजी काढून घरी परतत असतो. या दोन्ही चुका प्रश्नावली विचारण्याच्या पद्धतीत आहेत आणि त्या टाळता येतात. फॅमिली डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि आरोग्य केंद्रांतील कर्मचारी यांच्यासाठी पुढील टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत ज्या क्रमाने ते प्रत्यक्षात घ्यायचे आहेत.

१. हातातला कागद कोणत्या कामाचा आहे ते ओळखा

‘पॅनिकचा फॉर्म’ म्हणून वेगवेगळ्या कामांचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवलेले असतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

पीएचक्यू, म्हणजे पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर, यात पॅनिकसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याच्या छोट्या आवृत्तीत ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे ५ प्रश्न असून ते गेल्या ४ आठवड्यांपासून सुरुवात करतात. पाचही उत्तरे ‘हो’ असतील तरच ती पॉझिटिव्ह धरतात. मोठ्या आवृत्तीत पहिले ४ प्रश्न आणि त्यानंतर ११ शारीरिक लक्षणांची यादी असते. तिथे चारही प्रश्नांना ‘हो’ आणि ११ पैकी किमान ४ लक्षणे, अशी अट आहे. ही प्रश्नावली वापरण्यासाठी परवानगी किंवा शुल्क लागत नाही.

दुसरा कागद फक्त दोन प्रश्नांचा आहे. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम क्वेश्चनेअर या नावाची ही प्रश्नावली गेल्या ६ महिन्यांविषयी विचारते: एकदम भीती किंवा अस्वस्थता दाटून आली होती का, आणि काही कारण नसताना एकदम छाती धडधडणे, भोवळ येणे किंवा दम कोंडणे असे झाले होते का. यांपैकी एकालाही ‘हो’ आले तर पुढची चौकशी करायची. या चाळणीतून खरा रुग्ण सहसा निसटत नाही, मात्र आजार नसलेलेही बरेच जण तिच्यात अडकतात.

जीएडी-७ ही गेल्या २ आठवड्यांतील सर्वसाधारण चिंतेची प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुणांवर पुढील चौकशी करण्याची प्रथा आहे. पॅनिकचे रुग्ण तिच्यात पकडले जाऊ शकतात, परंतु त्यांना पॅनिकच आहे असे ती सांगत नाही. पीडीएसएस, म्हणजे पॅनिक डिसऑर्डर सिव्हिअरिटी स्केल, ही तर ओळखण्याची प्रश्नावलीच नव्हे. निदान आधीच झालेल्या रुग्णाचा त्रास किती तीव्र आहे हे ती ७ मुद्द्यांवर, ० ते २८ गुणांत मोजते. उपचारांनी फरक पडतो आहे का हे पाहण्यासाठी ती उत्तम आहे, पण पहिल्याच भेटीत नव्या रुग्णाला ती देणे व्यर्थ आहे.

माझा सल्ला असा की, आधी दोन प्रश्नांची चाळणी लावावी आणि तिच्यात जो अडकेल त्यालाच पीएचक्यूचे ५ प्रश्न विचारावेत.

खातरजमा: २ आठवडे, ४ आठवडे आणि ६ महिने हे तीन वेगवेगळे कालावधी आहेत. हातातल्या कागदावरचा कालावधी विचारण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावा.

२. मराठी शब्द आधी ठरवा

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. प्रमाणित मराठी अनुवाद उपलब्ध असेल तर तोच छापून घ्यावा. इंग्रजी कागद समोर ठेवून त्याचा जागच्या जागी तोंडी अनुवाद करू नये, कारण प्रत्येक वेळी प्रश्न बदलतो आणि मग दोन रुग्णांच्या उत्तरांची तुलनाच करता येत नाही. तरीही छापील वाक्य रुग्णाला समजले नाही तर ते समजावून सांगावेच लागते, आणि चुकीचा शब्द नेमका तिथेच तोंडी येतो.

‘तुम्हाला कधी अटॅक आला होता का?’ असे विचारले की मराठी माणसाला हार्ट अटॅक ऐकू येतो. आपला ईसीजी चांगला आला होता हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘झटका’ म्हटले तर त्याला फिट आठवते, नाहीतर पुन्हा हृदयविकारच. ‘पॅनिक’ हा शब्द आता बोलण्यात रुळला आहे, पण त्याचा रूढ अर्थ ‘उगाच गडबडून जाणे’ असा झाला आहे, आणि उगाच गडबडून जातो असे कबूल करायला फार थोडे लोक तयार असतात. ‘घाबरता का?’ हा प्रश्न तर माणसाच्या धैर्याविषयीचा वाटतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार त्याला ‘मी कशाला घाबरू?’ असेच उत्तर देईल, आणि तो खोटे बोलत नसेल.

जे शब्द रुग्ण स्वतः वापरतात त्यांवर प्रश्न उभा करावा: ‘एकाएकी जीव घाबरा झाला’, ‘छातीत धडधडायला लागलं’, ‘दम कोंडला’, ‘हातापायांना मुंग्या आल्या’, ‘हातपाय गार पडले’, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘आता मी जातो असं वाटलं’. ‘गॅस वर चढला’ आणि ‘बीपी लो झाला’ हे दोन शब्दप्रयोगही कान देऊन ऐकावेत. बीपी प्रत्यक्ष मोजलेले नसताना रुग्ण हे म्हणत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा भोवळ आणि भीती यांचा अनुभव असतो. कोणी ‘बाहेरचं आहे’ असे म्हटले तर वाद घालू नये. ‘ते झालं तेव्हा शरीरात नेमकं काय काय झालं?’ एवढेच विचारावे. बागलाण-कळवण भागातून आलेल्या अहिराणी बोलणाऱ्या रुग्णासाठी त्याची बोली जाणणारा कर्मचारी शेजारी असणे हे कोणत्याही अनुवादापेक्षा चांगले.

‘गेले ४ आठवडे’ हा कालावधीही शब्दांत सांगून पुरत नाही. ‘मागच्या संकष्टीपासून आजपर्यंत’ असे म्हटले की बहुतेक घरांत नेमका अंदाज येतो, कारण दोन संकष्टींमध्ये साधारण एका महिन्याचे अंतर असते. अर्थात आज संकष्टीनंतरचे चार-पाच दिवसच उलटले असतील तर त्याच्या आधीची संकष्टी धरावी. ज्यांच्या घरी संकष्टी पाळत नाहीत त्यांच्यासाठी पगाराची तारीख किंवा आठवडी बाजार धरावा.

सावधान: समजावताना उत्तर सुचवू नये. ‘मग छातीत धडधडलं असेल ना?’ हा प्रश्न नव्हे.

३. जागा आणि सोबतचा माणूस

बाकावर रांगेत बसलेल्या रुग्णाला मोठ्याने प्रश्न विचारू नयेत. सोबत आलेल्या सासूबाई, पती किंवा मुलगा यांना नम्रपणे दहा मिनिटे बाहेर बसवावे. माझ्यापुढे आलेल्या एका फॉर्मवरची सगळी उत्तरे पतीने दिली होती, आणि पत्नी एकटी भेटल्यावर त्यांतील तीन बदलली. नातेवाइकांची माहिती उपयोगाची असते, पण ती नंतर, वेगळी आणि रुग्णाच्या संमतीने घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, तेव्हा भरलेला फॉर्म टेबलावर उघडा पडू देऊ नये.

रुग्णाला वाचता येत असले तरी पहिल्यांदा प्रश्न वाचून दाखवावेत, असे माझे मत आहे. चष्मा घरी राहिला आहे हे कोणी सांगत नाही, आणि मग सगळ्या खुणा एकाच रकान्यात येतात.

४. प्रश्नांआधी धोक्याच्या खुणा पाहा

रुग्णाला या क्षणी त्रास होत असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवावी. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, रक्तातील साखर आणि ईसीजी ही तपासणी आधी. पुढीलपैकी काहीही आढळले तर ‘घाबरल्यामुळे झाले असेल’ हा विचार मनात येऊ देऊ नये: श्रम केल्यावर येणारे आणि डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारे छातीतले दुखणे, पूर्ण शुद्ध हरपणे, कपड्यांत लघवी होणे, बोलणे अडखळणे, झालेला प्रसंग अजिबात न आठवणे. पंचेचाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असे होत असेल तरीही आधी शारीरिक कारणच शोधावे. दवाखान्यात सोय नसेल तर १०८ ला फोन करावा.

आपल्या जिल्ह्यासाठी एक प्रश्न मी आवर्जून जोडते: ‘आज किंवा काल फवारणी केली होती का?’ निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांतून आलेल्या माणसाला घाम सुटला असेल, मळमळत असेल, दम लागत असेल, तोंडाला लाळ सुटली असेल आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. तेथे घालवलेली दहा मिनिटे जिवावर बेततात.

खातरजमा: रुग्ण शांत आहे, तातडीचे काही नाही आणि खोलीत तो एकटा आहे. हे तिन्ही जमले तरच पुढे जावे.

५. पाच प्रश्न, त्याच क्रमाने

पीएचक्यूच्या छोट्या आवृत्तीतील प्रश्नांचा आशय आणि प्रत्येक ठिकाणी काय चुकते ते येथे देत आहे.

पहिला प्रश्न: गेल्या ४ आठवड्यांत एकाएकी भीती दाटून आली, जीव घाबरा झाला, असे झाले का? येथे ‘एकाएकी’ या शब्दावर सगळा भार आहे. दिवसभर मनाला लागून राहिलेली घालमेल वेगळी आणि काही मिनिटांत शिखरावर जाणारी भीती वेगळी. मी असे विचारते: ‘सुरू झाल्यापासून सगळ्यात जास्त त्रास व्हायला किती वेळ लागला? दूध उतू जायला लागतो तेवढा, की सकाळपासून दुपारपर्यंत?’ दुसरे उत्तर आले तर हा प्रसंग बहुधा पॅनिकचा नसतो. चिंतेच्या इतर आजारांचा विचार करावा. आणि दोन प्रश्नांच्या चाळणीत शारीरिक प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा रुग्ण येथे ‘भीती नव्हती, नुसती धडधड होती’ म्हणाला, तर कागद बंद न करता उत्तर जसे आहे तसे लिहून ठेवावे आणि उरलेले प्रश्नही विचारावेत.

दुसरा प्रश्न: याआधी कधी असे झाले होते का? एकदाच आलेला प्रसंग म्हणजे आजार नव्हे. येथे ४ आठवड्यांची मर्यादा नाही, हे विचारणाऱ्याने लक्षात ठेवावे. पाच वर्षांपूर्वी झाले असले तरी उत्तर ‘हो’च आहे.

तिसरा प्रश्न: यांतील काही प्रसंग अगदी अनपेक्षितपणे, जेथे घाबरण्यासारखे काही नव्हते अशा वेळी आले का? सगळ्यांत जास्त चुकीचे ‘हो’ मला याच ओळीवर सापडतात. समजा, कसारा घाटात अपघात पाहिलेल्या चालकाचा जीव फक्त त्या घाटातच घाबरा होतो, घाट उतरला की तो मोकळा होतो, आणि इतरत्र असे कधीच होत नाही. त्याचे उत्तर ‘नाही’ आहे. त्याला त्रास आहे आणि मदतही हवी आहे, पण तो प्रश्न वेगळा. याउलट सिडकोतील घरात टीव्ही पाहताना, भाजी निवडताना किंवा गाढ झोपेतून दचकून उठल्यावर असे झाले असेल तर उत्तर ‘हो’. सगळेच प्रसंग अनपेक्षित असावे लागत नाहीत, काही असले तरी पुरे. ‘कारण काय होतं?’ असे विचारू नये; माणूस कारण शोधून काढतोच, आणि ‘टेन्शन’ हे उत्तर तर तयारच असते. ‘त्या वेळी तुम्ही कुठे होतात, हातात काय काम होतं?’ असे विचारावे.

चौथा प्रश्न: या प्रसंगांचा खूप त्रास होतो का, किंवा पुन्हा असे होईल अशी धास्ती वाटते का? हे दोन प्रश्न एकात आहेत, त्यामुळे ते थांबून, वेगवेगळे वाचावेत. एकाला ‘हो’ पुरते.

पाचवा प्रश्न: शेवटच्या मोठ्या प्रसंगात दम लागणे, घाम येणे, छाती धडधडणे, चक्कर किंवा भोवळ, मुंग्या किंवा बधिरपणा, मळमळ किंवा पोट बिघडणे असे काही झाले का? रुग्णाला एक विशिष्ट प्रसंग डोळ्यांपुढे आणायला सांगावा. तसे न केल्यास तो वर्षभरातील सगळ्या तक्रारींची बेरीज करून सांगतो.

सावधान: हे पाच प्रश्न एक महत्त्वाची गोष्ट विचारत नाहीत. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या निकषग्रंथानुसार, वारंवार येणाऱ्या अनपेक्षित प्रसंगांपैकी निदान एकानंतर महिनाभर किंवा अधिक काळ पुन्हा होण्याची सततची काळजी अथवा वागण्यात बिघडवणारा बदल असावा लागतो. शिवाय प्रसंगात १३ पैकी किमान ४ लक्षणे असावी लागतात. म्हणून गुणांत न धरता एक जोडप्रश्न विचारावा: ‘हे सुरू झाल्यापासून तुम्ही काय काय करायचं सोडलं?’ उत्तरे फार बोलकी असतात. कोणी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणे बंद केलेले असते, कोणी बागेत एकटे जात नाही, कोणी रुग्णालयावरून जाणाराच रस्ता धरतो, कोणी बाथरूमची कडी लावत नाही. प्रश्नावलीतील कोणत्याही खुणेपेक्षा मी या ओळीला अधिक वजन देते.

६. निकाल वाचताना

पाचपैकी चार ‘हो’ म्हणजे ‘जवळपास पॉझिटिव्ह’ नव्हे. प्रश्नावलीच्या नियमाने तो निगेटिव्हच आहे. मात्र डॉक्टरांच्या दृष्टीने तो पुन्हा बोलावण्याजोगा रुग्ण आहे. हे दोन निर्णय वेगवेगळे लिहावेत, नियम वाकवू नये.

पाचही ‘हो’ आले तरी निदान झाले असे होत नाही, हे एका कल्पित हिशेबावरून पटेल. समजा १००० जणांना प्रश्न विचारले आणि त्यांतील ३० जणांना खरोखर पॅनिक डिसऑर्डर आहे. चाळणी ३० पैकी २७ जणांना पकडते, आणि आजार नसलेल्या ९७० पैकी ८० टक्के लोकांना योग्य रीतीने सोडते. म्हणजे उरलेले १९४ जण चुकून अडकतात. एकूण २२१ पॉझिटिव्ह कागदांपैकी खरे २७, म्हणजे सुमारे १२ टक्के. चाळणी अधिक काटेकोर असेल तर आकडे सुधारतात, पण ज्या गटात आजार कमी आहे तेथे चुकीचे ‘हो’ येणारच. म्हणूनच सरसकट सगळ्या ओपीडीला हा फॉर्म वाटण्यापेक्षा धडधड, दम, भोवळ, छातीत दुखणे अशा तक्रारी घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना तो विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

७. पॉझिटिव्ह आल्यानंतर शरीराची कारणे तपासा

हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि ईसीजी हा किमान संच डॉक्टरांनी पाहावा. त्रास नसताना काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा दोष नाहीच असे ठरत नाही. धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल तर पुढची तपासणी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर प्रसंगाच्या वेळी उतरली होती का, दम्याच्या पंपानंतर धडधड होते का, दिवसाला चहा-कॉफी किती, रात्रपाळीत एनर्जी ड्रिंक किती, तंबाखू किती, आणि दारू नुकतीच अचानक सोडली आहे का, हे विचारावे. दारू सोडल्यावर पहिल्या दिवसांत येणारा घाम, थरथर आणि धास्ती पॅनिकसारखीच दिसते आणि तिचे उपचार निराळे असतात.

याच भेटीत मनाची उदासी आणि जगणे नको वाटणे यांविषयीही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात येत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी विचारले म्हणून त्याला हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

सावधान: पॉझिटिव्ह फॉर्मवर लगेच अल्प्राझोलम हे चिंता शमवणारे औषध लिहून देण्याची सवय सोडावी. तात्पुरते बरे वाटते, पण सवय लागते, आणि मूळ आजारावर उपयोगी पडणारे उपचार लांबतात.

८. रुग्णाला काय सांगायचे

‘तुम्हाला काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. धडधड खरी असते, मुंग्याही खऱ्या असतात. असे सांगावे: ‘तुमच्या उत्तरांवरून पॅनिक डिसऑर्डर नावाचा आजार असण्याची शक्यता दिसते. तो आहे की नाही, हे तज्ज्ञ तुमच्याशी बोलून ठरवतील. असेल तर त्यावर बोलण्याचे उपचार आणि औषधे, दोन्ही आहेत.’ कागदी पिशवीत श्वास घेण्याचा घरगुती सल्ला देऊ नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो घातक ठरतो.

त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा रुग्णाच्या सोयीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. तोपर्यंत बोलण्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक कागदावर लिहून द्यावा. तेथे मराठीत आणि रात्रीही बोलता येते.

९. नोंद आणि पुढची भेट

केसपेपरवर ‘पॅनिक’ एवढाच शब्द लिहिला की पुढच्या प्रत्येक दवाखान्यात छातीचे दुखणे त्याच शब्दाखाली झाकले जाते. त्याऐवजी प्रश्नावलीचे नाव, आवृत्ती, तारीख, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर, विचारणाऱ्याचे नाव, सोबत कोण होते आणि झालेल्या तपासण्या लिहाव्यात. निकालापुढे ‘चाळणी पॉझिटिव्ह, निदान बाकी’ असे स्पष्ट नमूद करावे. जोडप्रश्नाचे उत्तर मात्र रुग्णाच्याच शब्दांत लिहावे, कारण तज्ज्ञ त्यापासूनच बोलणे सुरू करतात. निगेटिव्ह आलेला पण तक्रार न संपलेला रुग्ण एका महिन्याने परत बोलवावा आणि तीच प्रश्नावली, त्याच शब्दांत, शक्यतो त्याच कर्मचाऱ्याने पुन्हा विचारावी. पाठवलेला रुग्ण तज्ज्ञांकडे पोहोचला का, हे आठवडाभरात एक फोन करून विचारावे. पोहोचला नसेल तर तो का गेला नाही, हे विचारून त्याच फोनवर पुढची तारीख ठरवून घ्यावी.